पूर्वीचे आजार : काहीही नाही

मला हार्ट अटॅक आला तेव्हा मी स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराच्या माथ्यावर, हातात ओल्या भेळेचा कागदी द्रोण घेऊन उभी होते. भेळ आमच्या टूरवाल्यांनी वर आणली होती. मराठी माणूस कितीही उंच चढला तरी चार वाजता त्याला काहीतरी चटपटीत लागतं, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

मी चौसष्ट वर्षांची. जन्म गिरगावातला, लग्न होऊन दादरला आले, नोकरी फोर्टात. सगळं आयुष्य एवढ्याशा पट्ट्यात गेलं. बर्फ बघितला होता तो मासळी बाजारातला, पापलेटांच्या खालचा. त्या दिवशी बघितला तो नजर जाईल तिथपर्यंत पसरलेला, त्यावर लख्ख ऊन, आणि आवाज कसलाच नाही. मी काही हळवी बाई नाही. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला काय म्हणायचे ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. पण तिथे उभी राहिले आणि डोळे भरून आले.

"वाऱ्याने पाणी आलं असेल," आमचे हे म्हणाले.

"वाऱ्याने नाही हो," मी म्हटलं. "हे एवढं सगळं इथे होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता."

मग डाव्या जबड्यात दुखायला लागलं. मला वाटलं दाढेत शेव अडकली. जिभेने चाचपून बघितलं, काही नव्हतं. दुखणं जबड्यातून खांद्यात आलं, खांद्यातून दंडात उतरलं, आणि एवढ्या गारठ्यात माझा ब्लाऊज घामाने भिजला. तेव्हा मला कळलं. मला कळलं याचं कारण असं दुखणं मला पहिल्यांदा होत नव्हतं.

*

आता एकोणीस महिने मागे जाते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

दादरच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण ती बंद असली की तीन जिने. एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन चढताना दुसऱ्या जिन्यावर जबड्यापासून दंडापर्यंत असंच दुखायला लागलं आणि मला बसावं लागलं. फॅमिली डॉक्टरांनी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे अँजिओग्राफी झाली. अँजिओग्राफीत हृदयाच्या नळ्या दिसाव्यात म्हणून शरीरात एक औषध सोडतात, त्याला डाय म्हणतात. बहुतेकांना त्याचं काहीच होत नाही. मला झालं. अंगभर गांधी उठल्या, जीभ जड झाली, घसा आतून मिटत चालला. तिथल्या डॉक्टरांनी धावपळ करून मला सावरलं आणि फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डायची तीव्र अॅलर्जी.' वर मला दटावलं की ही फाईल कुठेही जाताना बरोबर असलीच पाहिजे. एका नळीत थोडा अडथळा होता. गोळ्यांवर भागेल म्हणाले, आणि भागतही होतं.

मग आमची टूर ठरली. हे म्युनिसिपालिटीच्या शाळेत गणित शिकवायचे. साधा माणूस, दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले तर दोन गल्ल्या मागे जाऊन देऊन येणारा. टूरच्या ऑफिसात प्रवास विम्याचा फॉर्म यांनीच भरायला घेतला. मी शेजारच्या टेबलावर बारा दिवसांचा मेनू वाचत होते. त्यात पुरणपोळी किती वेळा आहे ते बघत होते. यांनी फॉर्म पुढे सरकवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं, मी सही केली.

आता ऐका. मी तेहेतीस वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली. आमचा विभाग मोटारींचा, पण नियम तोच. टेबलापलीकडे बसून रडणाऱ्या माणसांना मी सांगितलेलं आहे, "सही करण्याआधी वाचायला काय झालं होतं?" ही मी. आणि ज्या कागदावर मी सही केली त्यावर 'पूर्वीचे आजार' या रकान्यात यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : काहीही नाही.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. निघायच्या आदल्या दिवशी हे पलंगावर बसून माझ्या गोळ्या स्ट्रिपमधून एकेक करून फोडत होते आणि व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरत होते.

"हे काय चाललंय?"

"वजन वाचतं."

"स्ट्रिपचं वजन ते किती असणार हो?"

"सगळं धरलं की होतं," असं म्हणाले आणि झाकण लावलं. मी हसले. निवृत्त गणिताच्या मास्तरांशी वजनावरून कोण वाद घालणार. फाईल बॅगेत असेल असं मी धरून चालले. ती यांनी कपाटातच ठेवली होती, साड्यांच्या खाली. कुठे तपासणीत कोणी उघडून वाचली तर, ही भीती.

*

डोंगरावर पहिल्यांदा माझ्याकडे लक्ष गेलं ते वैशालीचं. वैशाली आमची टूर लीडर. लालबागची, पन्नाशीची, चाळीस माणसांना एका हाकेत गोळा करणारी.

"काकू, खाली बसा. बोलू नका. ती भेळ द्या हिकडे आधी."

दोन मिनिटांत वरच्या स्टेशनातला एक माणूस ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन हजर झाला. त्याने माझं बोट एका चिमट्यात घातलं, आकडा बघितला आणि फोन लावला. वैशाली यांना म्हणाली, "काका, हेलिकॉप्टर येतंय."

"हेलिकॉप्टर कशाला? आम्ही आलो तसे ट्रेनने उतरू की."

"ट्रेनला दीड तास लागतो. काकूंकडे दीड तास आहे की नाही मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

वैशालीसारखी माणसं बरोबर असणं हेसुद्धा औषधच असतं.

हेलिकॉप्टर आलं. मला पट्ट्यांनी बांधून आत सरकवलं, जागा होती म्हणून यांनाही घेतलं, आणि आम्ही त्या कड्यावरून सुटलो. भीतीने जीव गेला असता असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मान थोडी कलली होती आणि खिडकीतून खालचं दिसत होतं. बर्फाची एक अख्खी नदी, तिच्यावर निळ्या भेगा, मग एकाएकी हिरवंगार, त्यात खेळण्यातली असावीत तशी घरं. दुखणं चालूच होतं. आणि त्याच वेळी माझ्या मनात स्पष्ट आलं की हे बघायला मिळालं, बरं झालं. या दोन गोष्टी एकाच छातीत कशा मावल्या, मला अजून सांगता येत नाही.

माझ्या उशाशी एक डॉक्टर होती, तिशीची असेल. तिने पूर्ण वेळ माझं मनगट धरलं होतं. माझं नाव तिने तीनदा विचारलं, तीनदा चुकीचं म्हटलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच हसली. ना ओळख ना देख. दादरला कोणी जिन्यात बसलेलं दिसलं तर आपण 'काय झालं' विचारून पुढे जातो, मीही गेलेय. आणि इथे माझ्यासाठी चार माणसं आकाशातून खाली उतरली होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण बांधलेली होते.

*

हॉस्पिटलात सगळं शांत. कोणी पळत नव्हतं, तरी दर क्षणाला काहीतरी होत होतं. एक नर्स माझ्या बांगड्या उतरवत होती. पोर्तुगालची होती, नंतर कळलं. मंगळसूत्रापाशी आल्यावर ती थांबली, माझ्याकडे बघून नजरेनेच विचारलं, मी मान हलवल्यावर मगच हात लावला. ते कापसात गुंडाळून तिने यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून पिन लावली. कुठल्या देशातली कोण ती, तिला कसं समजलं असेल.

मोठे डॉक्टर आले. उंच, पांढऱ्या भुवया, सावकाश इंग्रजी. माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, म्हणून यांना विचारायला लागले.

"यांना पूर्वी हृदयाचा काही त्रास?"

"नाही. कधीच नाही," हे म्हणाले.

"औषधं?"

यांनी बाटली पुढे केली. "व्हिटॅमिन."

"याआधी अँजिओग्राफी? कसली अॅलर्जी?"

"नाही. एकदम फिट आहे ती. पहिल्यांदाच हे."

डॉक्टरांनी मान हलवली. माझ्याकडे वळून म्हणाले, "आम्ही लगेच अँजिओग्राफी करणार आहोत. डाय सोडून नळ्या बघू आणि बंद असेल ती उघडू." आणि पलंगाची चाकं फिरायला लागली.

आता जे लिहितेय ते मी कोणालाही सांगितलं नसतं. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणावर तशी वेळ येईल, म्हणून लिहिते. मी लगेच बोलले नाही. यांनी फॉर्मवर काय लिहिलंय ते त्यांच्या त्या उत्तरातूनच मला समजलं. तेहेतीस वर्षं ज्या डोक्याने काम केलं ते डोकं तिथेही कामाला लागलं : मी आत्ता तोंड उघडलं तर या केस पेपरवर पूर्वीचा आजार लिहिला जाणार, आणि तो लिहिला गेला की पॉलिसी संपली. परक्या देशात, अशा हॉस्पिटलात, हेलिकॉप्टरने आलेली बाई. आम्ही दोघं धुऊन निघणार. पलंग एका दारातून आत गेला, दुसऱ्या दाराशी आला, तोवर मी हाच विचार करत होते. छातीत आग पेटलेली आणि मी क्लेम बघत होते. माणूस कसा असतो बघा.

मग मी यांच्याकडे पाहिलं. हे पलंगाबरोबर चालत होते, एक हात खिशावरच्या पिनेवर. चेहऱ्यावर फक्त भीती होती. त्या चेहऱ्यावरून मला समजलं की डायचं यांच्या लक्षातच नाही. परळला मी कशी तडफडले ते यांनी स्वतः बघितलं होतं, मुठी आवळून कोपऱ्यात उभे होते. पण एकदा लिहिलेलं ते एक वाक्य सांभाळायच्या नादात बाकी सगळं पुसलं गेलं होतं. हा माणूस माझा जीव वाचवायला निघाला होता आणि मला मरणाच्याच घशात ढकलत होता.

मी तोंडावरचा मास्क ओढून काढला.

"डॉक्टर, ते चुकताहेत. एकोणीस महिन्यांपूर्वी माझी अँजिओग्राफी झालीय. डायने माझा घसा बंद झाला होता. मी मरता मरता वाचले. त्या बाटलीत व्हिटॅमिन नाहीत." आणि गोळ्यांची नावं मी पाठ म्हणून दाखवली, डोससकट.

डॉक्टरांनी नुसता हात वर केला. सगळे थांबले. त्यांनी दोन शब्द म्हटले, नर्सने माझ्या शिरेत एकापाठोपाठ इंजेक्शनं दिली, कोणीतरी आणखी एक मशीन ओढून जवळ आणलं. यांच्यावर कोणी ओरडलं नाही. डॉक्टर माझ्याकडे वाकून म्हणाले, "थँक यू. आता आम्ही तयार आहोत." एवढंच. मला वाटलं होतं जाब विचारतील.

*

टेबलावर मी जागी होते. शेजारी पडदा होता आणि त्यावर माझं हृदय हलत होतं.

तुम्ही स्वतःचं हृदय बघितलंय का? परळला मला बघू दिलं नव्हतं, की बघायच्या अवस्थेत मी नव्हते. इथे बघितलं. करड्या धुक्यात काळ्या बारीक फांद्या, आणि सगळं मिळून आकसतंय, सुटतंय, आकसतंय. एक फांदी मध्येच तुटलेली होती. पुढे काहीच नाही, नुसतं धुकं. डॉक्टर मनगटातून काहीतरी सरकवत राहिले. आणि एका क्षणी ती फांदी पुढे धावली, टोकापर्यंत भरली, तिला आणखी लहान फांद्या फुटल्या. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून नेलं. घसा उघडा होता. मी श्वास घेत होते.

चौसष्ट वर्षं हे आत एकटंच राबत होतं. मी त्याच्या जिवावर ऑफिस केलं, मुलगी वाढवली, लोकांवर डाफरले, आणि एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. संध्याकाळभर मी नर्सला विचारत होते की ते पुन्हा दाखवाल का. तिला वाटलं मी घाबरलेय. ती हात धरून बसली.

*

सहा दिवस ठेवून घेतलं. सकाळी सहाला रक्त, सातला पाव आणि जॅम, नऊला डॉक्टरांची फेरी, मग व्हरांड्यात चालणं, पहिल्या दिवशी दहा पावलं, दुसऱ्या दिवशी खिडकीपर्यंत. खिडकीतून तळं दिसायचं. उकडलेले बटाटे मात्र एवढे खाल्ले की अजून बटाटेवड्याकडे बघवत नाही. वैशालीने टूर पुढे नेली, पण जाताना मेतकूट, लोणचं आणि मेणबत्त्यांएवढ्या जाड चकल्या ठेवून गेली. चकल्या नर्सने जप्त केल्या आणि एक खाऊन बघितली.

हे तिथून हलत नव्हते. शेजारी खुर्चीत बसायचे, पाणी द्यायचे, पायमोजे चढवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी माझी वेणी घालता घालता म्हणाले, "मी तुला मारलंच होतं."

"का लिहिलंत तसं?"

"खरं लिहिलं असतं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं असतं. आपले डॉक्टर म्हणाले असते, एवढ्या उंचीवर नको. तू लग्नानंतर पहिल्या वर्षी म्हणाली होतीस, बर्फ बघायचाय. मी म्हटलं, आता नाही तर कधी."

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. "मला विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते ना. तो माझा हक्क होता. माझं हृदय, माझी सही, आणि नाही म्हणायचं तेही माझंच." नर्स दारात आली, मशीनवरचा आकडा बघून तिने बोट ओठांवर ठेवलं. यांनी अर्धी राहिलेली वेणी पुरी केली. वाकडी झाली, पण मी ती तशीच ठेवली.

विमा कंपनीला फोन मीच केला. पलीकडे मुंबईतली एक मुलगी होती, मराठी ऐकून मोकळी झाली. मी सुरुवातीपासून सगळं सांगायला लागले. ती मध्येच थबकली. "मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"माहीत आहे बाळा. म्हणून तर नीट सांगतेय."

घरी आल्यावर दीड महिन्याने पत्र आलं. पूर्वीचा आजार लपवल्याने दावा नामंजूर. मी ते दोनदा वाचलं. मसुदा उत्तम होता. त्या खुर्चीत मी असते तर हेच पत्र लिहिलं असतं, एक शब्द इकडचा तिकडे केला नसता. म्हातारपणासाठी ठेवलेलं बरंचसं मोडावं लागलं, मुलीने हातभार लावला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, दुःख आहे.

एवढं मात्र सांगते. रकान्यात आहे ते सगळं लिहा, मग विमावाले जास्त घेवोत, नाही म्हणोत, किंवा डॉक्टर घरी बसा म्हणोत. गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या, नाव छापलेलं असतं. फाईलच्या पहिल्या पानाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. आणि बायांनो, बोट ठेवलं तिथे सही करू नका.

*

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात कोणालाच हे ठाऊक नव्हतं. 'तिकडे अचानक त्रास झाला' एवढंच यांनी सांगितलं होतं, आणि मी ते चालवून घेतलं होतं. मागच्या महिन्यात मंडळातली दहा-बारा माणसं युरोपला निघाली. एका संध्याकाळी हॉलमध्ये चहा, बिस्किटं आणि फॉर्म. पाटणकर म्हणून एक आहेत, माहीमचे, त्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. त्यांनी मला हाक मारली.

"वहिनी, तुम्ही विम्यात होतात. आता सगळं ठीक आहे माझं. हे जुनं लिहायलाच पाहिजे का? नाही लिहिलं तर कोणाला कळणार आहे?"

दोन-तीन जण हसले. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. हे उभे राहिले होते. वर्गात उभे राहायचे तसे, दोन्ही हात टेबलावर टेकून.

"मी नव्हतं लिहिलं," हे म्हणाले. "हिला हृदयाचा त्रास होता आणि मी 'काहीही नाही' लिहिलं. मग तिथे हिला ऑपरेशनला नेत होते, डॉक्टरांनी मला विचारलं, तेव्हा मी परत खोटं बोललो. ज्या औषधाने ही मरणार होती ते औषध ते देणार होते. ही स्वतः बोलली म्हणून आज इथे बसलीय. मी बोललो नाही. एवढंच सांगायचं होतं."

हे खाली बसले. यांचे दोन्ही हात मी माझ्या हातात घेतले. चाळीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा. पाटणकर काहीतरी पुटपुटले आणि पेन उघडून फॉर्मवर वाकले. पण त्यांच्या शेजारी बसलेल्या पाटणकर वहिनींनी त्यांच्या हाताखालून स्वतःचा फॉर्म ओढून घेतला. त्यांची सही आधीच झालेली होती. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांना लावला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.